तपाची ऊब

"महाराज, बाटली गरम का लागते हो?"

दोनशे माणसांनी खचाखच भरलेल्या सभागृहात हा प्रश्न स्वयंपाकघरात ताट पडावं तसा दणकन आदळला. विचारणारीला वर्गात 'भोंगा' म्हणत, ते काही उगाच नाही. "तिथे जाऊन सगळ्यांदेखत विचारून दाखव, मग मानू तुला," अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. दहावीतल्या मुलीला एवढं निमित्त पुरतं.

व्यासपीठावरच्या महाराजांनी डोळे मिटले. त्यांची ख्याती फार मोठी. कोणीही दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली आणावी आणि तिच्यावर आपलं नाव लिहून द्यावं. बाटल्या पडद्यामागच्या 'ध्यानकक्षा'त जात आणि पाऊण तासाने परत येत. सील जसंच्या तसं, आतलं पाणी मात्र केशरी आणि गोड! मधुमेह, मूळव्याध, नापास मुलगा, सगळ्यांवर तेच एक पाणी. मैत्रिणींनी महाराजांचं नाव ठेवलं होतं बूचस्वामी.

"बाळ," बूचस्वामी मधात घोळलेल्या आवाजात म्हणाले, "ही तपाची ऊब आहे. पाण्यात शक्ती उतरली की ते तापतं. विज्ञानही हेच सांगतं. कंपनं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेली, त्यांच्याच घरी राहणारी तिची मावशी तेवढी मागे वळली आणि दातओठ खात म्हणाली, "खाली बस गं! घराण्याची अब्रू वेशीवर टांगायला आलीस का?"

भोंगा बसली, पण तिची नजर मावशीच्या पायावर होती. अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नव्हती. पट्टीतून पिवळं पाझरत होतं आणि जवळ बसणारी माणसं हळूच खुर्ची सरकवत होती. सतरा दिवसांपूर्वी मावशीने इन्सुलिन बंद केलं होतं. त्याऐवजी दोन्ही वेळा पेलाभर केशरी पाणी. मधुमेहाच्या बाईला गोड पाणी! डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, असंच चाललं तर पाय कापावा लागेल.

घरी रोज त्यावरून खडाजंगी होई आणि मावशीचं उत्तर ठरलेलं असे. "मला अडाणी समजू नका. मी महाराजांच्या दाढीवर विश्वास ठेवत नाही, भाऊजींच्या झाकणावर ठेवते. भाऊजीच म्हणतात ना, तोडल्याशिवाय ते उघडत नाही? मग आतलं पाणी बदललं कसं? बोला की भाऊजी!"

भाऊजी म्हणजे भोंग्याचे बाबा. झाकण खरंच त्यांचं होतं. झाकणांच्या कारखान्यात तीन वर्षं घासून त्यांनी ते घडवलं होतं, आणि आता दुकानातल्या बहुतेक पाण्याच्या बाटल्यांवर तेच असे. उघडलं तरी ते एका पट्टीने बाटलीलाच लोंबकळत राही, गटारात घरंगळत जात नसे. त्याच्याखाली एक कडं असे, केसासारख्या दहा बारीक पुलांनी झाकणाला जोडलेलं. झाकण फिरवलं की टकटक करत पूल तुटत, आणि तुटलेले पूल कोणालाही दिसत. "पूल न तोडता उघडून दाखवा," असं आव्हान बाबा चहाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला देत.

त्या संध्याकाळी भोंग्याने पातेल्यात पाणी उकळलं. चमत्कार जर गरम असतो, तर आपणही तापवून बघू! तिने बाटली उलटी धरून मान पाण्यात बुडवली, मग ती सरळ करून फडक्याने झाकण आणि कडं एकत्र धरून फिरवत ओढलं. पहिल्यांदा हात भाजला. दुसऱ्यांदा बाटली पिचकली. तिसऱ्यांदा, पचक्! कडं मऊ पडून आख्खंच्या आख्खं हातात आलं.

तिने आत शाईचे दोन थेंब टाकले, झाकण पुन्हा दाबून बसवलं आणि गार होऊ दिलं. मग अर्थातच किंचाळली.

बाबा धावत आले. त्यांनी भिंगातून पूल मोजले. दहाच्या दहा शाबूत. त्यांचा चेहरा उतरला.

"आम्ही उन्हात ठेवून तपासलं होतं गं. उकळत्या पाण्यात कोण कशाला बुडवेल..."

"बाबा, लबाड माणूस तुमच्या चाचण्या विचारून लबाडी करतो का?"

"हळू बोल," आई म्हणाली. "आणि तुम्ही हे चारचौघांत सांगणार? कारखान्यात काय म्हणतील?"

बाबा भिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "तिचा पाय जातोय."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत भोंगा उकळत्या पाण्याचा थर्मास आणि एक भांडं घेऊन थेट व्यासपीठावर चढली. "महाराज, मलाही थोडं तप जमतं!" लोक हसले. तिने समोरच्या आजोबांची सीलबंद बाटली मागून घेतली, भांड्यात गरम पाणी ओतलं आणि सगळ्यांदेखत झाकण उतरवून, शाई टाकून परत बसवलं. "बघा आजोबा, सील शाबूत, पाणी निळं. झाले का मी महाराज?"

"पाखंड!" बूचस्वामी गरजले. "ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा आहे!"

तेवढ्यात बाबा उभे राहिले. "हे झाकण मी बनवलंय. त्यात खोट आहे. ती खोट माझी आहे. तिला चमत्कार म्हणू नका."

भोंग्याने पडदा ओढला. ध्यानकक्षात एक शेगडी, रंगाच्या आणि साखरेच्या पुड्या, आणि केशरी पाण्याने भरलेली बादली. बादलीच्या काठावर शेवाळ, आत काळाकुट्ट मग, आणि पाण्यावर पाय वर करून तरंगणारं झुरळ. एक शिष्य ज्या फडक्याने बाटल्या धरत होता, त्यानेच नाक पुसत होता.

मावशी लंगडत पुढे आली. तिने बादलीत पाहिलं. "अठरा दिवस," एवढंच म्हणाली आणि तिथेच भडाभडा ओकली.

बूचस्वामी तोवर मागच्या दाराने पसार झाले होते. कंपनं पायांत उतरली होती. खरी किळस मात्र पुढेच होती. पाच-सहा जण त्या ओकारीला वळसा घालून बादलीपाशी रांग लावत होते. "महाराज गेले तरी शक्ती पाण्यात राहतेच की," एकजण म्हणाला.

रात्री जेवताना मावशी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू दवाखान्याचं. आता लोकांना तोंड कसं दाखवू?" आणि ताटावरून उठून खोलीत गेली.

"राहू दे तिला," आई कुजबुजली. "लाजलीये बिचारी."

भोंग्याने हातातला घास खाली ठेवला.

"लाजायचं फसवणाऱ्याने, फसलेल्याने नाही. 'हे कसं झालं' एवढं विचारायची लाज वाटते, म्हणून तर असले स्वामी पोसले जातात. डोकं देवघरात ठेवायला दिलेलं नाही, वापरायला दिलंय. आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. सकाळी आठला मावशीला दवाखान्यात नेणार आहे. ती रडो, चिडो, मला शिव्या देवो. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात, तरी मी नेणार."