डोळे उघडण्याचं काम

"बाई, जरा बेतानं. त्या खुर्चीचा एक पाय ढिला हाय," खालून संगप्पा म्हणाले, तोवर खुर्ची डुगडुगली होती. भिंतीवरच्या त्यांच्या वडिलांच्या कपाळाला हात टेकून मी तोल सावरला.

बिलोलीतलं धान्याच्या दुकानामागचं हे घर. वडिलांचं चित्र माळ्याच्या उंचीवर टांगलेलं, त्यामुळे एकोणपन्नासाव्या वर्षी मला भिंग आणि कॅमेरा घेऊन खुर्चीवर चढावं लागलं होतं. संगप्पा खुर्ची धरायचं सोडून माझ्याशी बोलत होते.

"एवढं काय मोजायलात तुम्ही?"

"डोळे."

"डोळे लई जित्ते हायेत. अप्पा गेले तवा मी सहा वर्साचा. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की आडवं न्हाई ठेवत, बसवतेत. इभूत लावून, हार घालून बसवलं अन् फोटो काढला. डोळे मिटलेलेच. मग लातूरच्या फोटोवाल्यानं डोळे उघडून आणून दिले. तवापासून ह्या खोलीत कुणी खोटं बोलत न्हाई. बोलायचंच असलं तर आतल्या खोलीत जातेत."

मी हसले आणि डोळ्यातल्या बाहुलीचा जवळून फोटो घेतला. चित्र उतरवून मागे पाहिलं तर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता, 'औसा'. सही नव्हती. या चित्रांवर सही कधीच नसते.

हाच माझा पीएचडीचा विषय. मराठवाड्यात फोटोवरून हातानं रंगवलेली माणसं. नांदेडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांच्या भिंती बघत फिरते. स्टाफरूममध्ये मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात, ते काही कौतुकानं नाही. आदल्या सादरीकरणात समितीनं एकच प्रश्न विचारला होता, यात नवीन काय? माझे मार्गदर्शक राजशेखर सर तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले. आता मार्चमध्ये शेवटची संधी होती. त्यानंतर नोंदणी रद्द होणार होती.

नवीन काय ते मला बिलोलीहून आल्यावरच्या रविवारी सकाळी सापडलं. संगणकावर अप्पांची बाहुली मोठी केली. तिच्यात तिळाएवढा पांढरा ठिपका होता, आणि तो नुसता ठिपका नव्हता. ती एक खिडकी होती. चार गज, त्यातला दुसरा बाहेरच्या बाजूला वाकलेला. समोरच्या डोळ्यात जे प्रतिबिंब दिसलं तेच चित्रकारानं शून्य नंबरच्या ब्रशनं काढलं होतं. मला फार आनंद झाला. मग मी नायगावच्या एका घरातल्या सासऱ्यांचं चित्र उघडलं. चार गज, दुसरा वाकलेला. उदगीरच्या आजीबाई, तोच गज. दुपारपर्यंत त्रेचाळीस चित्रं झाली. पुरुष, बायका, एक सात वर्षांची मुलगी, सगळ्यांच्या डोळ्यांत ती एकच खिडकी होती. डाव्या पापणीची बाहेरच्या कोपऱ्यातली घडीही सगळ्यांना सारखीच होती. त्रेचाळीस माणसं माझ्याकडे एकाच माणसाच्या डोळ्यांनी बघत होती.

मी संगणक बंद केला आणि पाठीमागे भिंतीवर बाबा होते.

माझे वडील रेणुकादास मास्तर सत्तावीस वर्षांपूर्वी गेले. आईला त्यांचा एकच फोटो आवडायचा, शाळेच्या निरोप समारंभातला, आणि त्यात नेमके फ्लॅशच्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. मग नांदेडच्या स्टुडिओनं तो कुठेतरी पाठवून डोळे उघडून आणला. मी अभ्यास केला, नोकरी धरली, लग्न केलं नाही, सगळं त्या नजरेखाली. आई अजून म्हणते, "ते बघतायत हं, पूर्ण कर." मी स्टूल घेतलं, भिंग लावलं. चष्म्याच्या काचेआड चार गज होते.

सरांना फोन केला. ते पहिल्यांदाच मला मध्ये न तोडता ऐकत होते. "विनीताबाई, हेच तुमचं संशोधन," ते म्हणाले. "आधी तो माणूस शोधा."

दिवाळीच्या सुट्टीत मी औशाला गेले. लातूरला बस बदलली, उतरल्यावर दोन ठिकाणी विचारलं, आणि बाजार समितीच्या मागच्या गल्लीत गुरुपादप्पांचं दोन खोल्यांचं घर सापडलं. ऐंशीच्या घरातला माणूस, हात कापत होते, पण नखांच्या कडांना अजून रंग होता. आणि त्यांच्या मागे ती खिडकी होती. चार गज, दुसरा वाकलेला. खिडकीसमोर लाकडी स्टुलावर त्यांची बायको लक्ष्मम्मा बसली होती. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांच्यावर राखाडी पडदा होता. डाव्या पापणीला बाहेरच्या कोपऱ्यात घडी होती.

"मेलेल्याचे डोळे मनानं काढले की बाहुलीचे दिसतेत," गुरुपादप्पा म्हणाले. "समोर जितं माणूस लागतंय. पण मढ्याला डोळे द्यायला कोण बसंल? लोकं भेतेत. मग हिला बसवायचो. अकराच्या सुमाराला, ह्या खिडकीतून उजेड सरळ येतो तवा. सैपाक अर्धा टाकून यायची."

"किती चित्रं झाली अशी?"

"चारशेच्या वर असतील. नांदेड, बिलोली, उदगीर, समद्या स्टुडिओचं काम यायचं. मग कंप्युटर आला, काम गेलं. अन् हिचे डोळे बी गेले. काचबिंदू म्हणाले डाक्टर. बारा वर्सं झाली."

"घरच्या लोकांना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुमच्या बापाच्या तोंडावर माझ्या बायकोचे डोळे हायेत म्हणून?" ते म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

मी वही काढली. लक्ष्मम्मानं मान माझ्याकडे वळवली.

"बिलोलीला तूच आलतीस न्हाई का? खुर्चीवरून पडाया झालतीस. माझ्या कपाळाला हात लावलास. लई गार हुता हात."

मी शिकलेली बाई आहे. पहिला विचार हाच आला की संगप्पांचे पाहुणे इकडे असणार, फोन झाला असणार. तसं मी विचारलंही.

"मला कोण सांगंल? डोळे हुते तवा ही खिडकी दिसायची अन् ह्यांचं तोंड. डोळे गेले अन् घरं दिसाया लागली. पयल्यानं एक दिसलं, मग दोन. आता समदीच दिसायलीत." ती शांतपणे बोलत होती, भाजीबद्दल बोलावं तसं. "नायगावात एक सून हाय. आधी फोटोवर टावेल टाकती अन् मंग नवऱ्यासंगं बोलती. शहाणी पोरगी हाय. बाकीचे न्हाई टाकत. भांडतेत, रडतेत, जेवतेत, समदं माझ्यापुढं. पापणी मिटली तरी मिटत न्हाई बाई. चारशे घरांत मी जागीच."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. माझं पेन कागदावर नुसतं टेकलेलं होतं.

"तू लिहायलीस न्हाई का? लिही. लोकांला कळलं की फोटो उतरवतील. तेवढीच झोप लागंल मला." तिनं पापणीवरून बोट फिरवलं. "फकस्त नांदेडला एक घर हाय, तिथं जपून सांग. भिंतीवर चष्म्याचा मास्तर हाय. दुपारी बाराला एक म्हातारी एकटीच असती. करंडा काढती, कुंकू लावती अन् माझ्यापुढं उभी ऱ्हाती. 'बघा,' म्हणती. जरा येळानं पदरानं पुसून टाकती. लेक यायच्या आत."

मी नांदेडहून आले एवढंच त्यांना सांगितलं होतं. बाबांचं नाव मी काढलं नव्हतं. चहा आला, तो मी तसाच ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले. बसला अजून दीड तास होता.

घरी पोचले तेव्हा आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. "जेवलीस का कुठे?" असं विचारत तिनं पदर खोचला, आणि पदराच्या टोकाला मला पुसट तांबूस डाग दिसला. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून तिनं कपाळाला काही लावलं नाही. आता कोण विचारतं, लाव की टिकली, असं मी तिला कितीदा म्हणाले आहे, आणि दरवेळी ती चिडून म्हणते, "कुणाला दाखवायला?" मला तिची इतकी लाज वाटली, म्हणजे तिच्या बाजूनं वाटली, की मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्या दिवसापासून मी साडी आतल्या खोलीत बदलायला लागले.

प्रकरण मात्र लिहिलं. तीन आठवड्यांत चाळीस पानं झाली, सहा वर्षांत असं हात सुटून लिहिलं नव्हतं. खिडकीची रेखाटनं, पापणीची मापं, गुरुपादप्पांची मुलाखत. लक्ष्मम्मा जे बोलली ते त्यात नव्हतं, ते कोणत्या रकान्यात लिहिणार? सर खूश होते. "पेपरवाले येतील बघा," ते म्हणाले. तिथेच माझं मन अडकलं. आई पेपर पहिल्या ओळीपासून निविदांपर्यंत वाचते. ती दुपारी बारा वाजता ज्या डोळ्यांपुढे उभी राहते, ते औशाच्या एका परक्या बाईचे आहेत, हे तिनं पेपरात वाचायचं? आणि न लिहावं, तर ती परकी बाई चारशे घरांत जागी. मी कधी एकीच्या बाजूनं विचार करी, कधी दुसरीच्या, आणि खरं सांगायचं तर दोघींच्या मध्ये दारावरची 'डॉ.' ही पाटीसुद्धा मला दिसत असे.

मार्चमध्ये सादरीकरणाला आई हट्टानं आली. ठेवणीतली जांभळी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली. मी उभी राहिले, तिच्याकडे बघितलं, आणि डोळ्यांचं ते चौथं प्रकरण उघडलंच नाही. तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर गेले. सरांनी मान झटकन वर केली. समितीतल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "सगळं ठीक आहे, पण यात नवीन काय?"

"नवीन काही नाही," मी म्हणाले.

सर बाहेर व्हरांड्यात भेटले. चिडले नाहीत. "सहा वर्षं, विनीताबाई," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. रिक्षात आईनं माझा हात धरला. "त्यांना काय कळतंय? तुझ्या बाबांना फार आवडलं असतं," ती म्हणाली. मला बरं वाटलं. आणि त्याच वेळी औशाच्या खिडकीशी बसलेली बाई डोळ्यांसमोर आली, जिची झोप मी माझ्या आईसाठी ठेवून घेतली होती. हे पाप आहे की नाही मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेत परीक्षेच्या वह्या गोळा करताना, गुरुपादप्पांचा फोन आला. अकरा वाजून गेले होते.

"बाई, लक्ष्मम्मा गेली. आत्ताच. खिडकीपुढं बसल्या बसल्या. चारला नेणार हायेत, तुमचं येणं काही व्हायचं न्हाई. नुस्तं कळवलं."

"अप्पा, त्यांचे डोळे..."

"मिटलेत," ते म्हणाले. "बसवून ठेवलंय. फोटोवाल्याला बोलावलंय, पण मीच सांगितलं, हिचे डोळे उघडायचे न्हाईत. झोपू द्या."

मी अर्धी रजा टाकली आणि घरी निघाले. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी होते. ही आईची वेळ होती. मी तिथेच पायरीवर बसले. तिला लागेल तेवढा वेळ देऊ, पदरानं पुसून होऊ दे, मग जाऊ, असं ठरवलं. शेजारच्या अंजूताई दळण घेऊन वर गेल्या आणि माझ्याकडे बघत बघत गेल्या. वीस मिनिटं झाली असतील. मग वर आमच्याच दाराची कडी वाजली आणि आईची हाक आली.

"कोण आहे खाली? विनू, तू आहेस का?"

मी वर गेले. आई दारात उभी होती. कपाळावर कुंकू होतं, चांगलं ठसठशीत, आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"विनू, तुझे बाबा आज बघत नाहीयेत गं," ती म्हणाली. "कधीची उभी आहे मी. कुणी बघतच नाहीये."

मी भिंतीकडे बघितलं. रंग जागच्या जागी होता, चष्मा होता, भिंग लावलं असतं तर चार गजही दिसले असते. पण आई म्हणत होती ते खरं होतं. तिथे नुसता रंग होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला एकटं वाटलं.

तेवढ्यात आईला मी कुठे बघतेय ते कळलं. ती वरमली आणि तिनं पदर कपाळाकडे नेला.

"राहू दे," मी म्हणाले.

तिला गॅलरीजवळच्या खुर्चीत बसवलं, तिथे उजेड चांगला असतो. तिच्यासमोर स्टूल ओढून मी बसले. ती आधी खाली बघत होती, मग हळूच तिनं मान वर केली आणि पदर खांद्यावर सारखा केला.

"बरं दिसतंय का गं?" तिनं विचारलं.

"छान दिसतंय," मी म्हणाले, आणि पापणी न हलवता तिच्याकडे बघत राहिले.