काकूची टोपली

लॉकडाऊनमध्ये मंगलाकाकूने आमच्या गॅलरीतून दोरीला बांधून टोपली सोडली आणि सिंधीपुऱ्यातल्या अन्नवाटप केंद्रासाठी चंदा मागायला लागली. लोक एकेकटे यायचे, डब्यात पैसे घालून डबा टोपलीत ठेवायचे. काकू पैसे काढून डबा खाली सोडायची, पण रिकामा नाही. कुणाला साखर, कुणाला वाळवणातल्या ज्वारीच्या बिबड्या, मग तूरडाळ.

आठवड्यात आमच्या डाळीच्या डब्यात खडखडाट झाला. मी चिडलो. "काकू, तू चंदा घेऊन राहिली का वाटून राहिली?"

"रिकामा डबा कोणी परत देतं का रे भाऊ?"

जमलेले पैसे तिने त्याच डाळीच्या डब्यात भरून केंद्राच्या माणसाकडे सोडले. संध्याकाळी तो डबा टोपलीत ठेवून गेला. मी दोरी ओढली, तर टोपली जड लागली. केंद्रवाल्यांनी डबा गच्च तूरडाळीने भरून पाठवला होता.