बाळंतीण ठणठणीत आहे

सरोजिनीबाई पुण्याहून सिंगापूरच्या चोआ चू कांगला आल्या त्या धाकट्या सुनेच्या बाळंतपणासाठी, आणि आल्या दिवशीच त्यांनी घराचा ताबा घेतला. सकाळी अळिवाची खीर, दुपारी शेक, संध्याकाळी धुरी. धुरीचा वास कॉरिडॉरभर पसरला की शेजारचे मलय आजोबा दार उघडून बघून जात. थोरली सून वल्लरी क्वीन्सटाउनला राहायची. आठवड्यातून दोनदा ती लिटिल इंडियातून डिंक आणि खारीक घेऊन यायची, लाडू वळायला बसायची, आणि वळता वळता मनातल्या मनात जळायची.

जावा जावा, उभा दावा असं म्हणतात. या दोघींचं मात्र कधी भांडण झालं नव्हतं. धाकटी चैत्राली बँकेत अकाउंटंट होती. मूल हवं असं ठरल्याबरोबर तिने स्वतःचा विमा उतरवला होता. आजारपणाने किंवा अपंगत्वाने कामावर जाता आलं नाही, तर पगाराचा मोठा भाग दरमहा मिळावा असा. गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची दुखणी त्यात धरलेली होती. दिवस गेल्यावर विमा मागितला असता तर कंपनीने नेमकी तीच वगळली असती, ही चौकशी तिने आधीच केली होती. सरोजिनीबाईंनी तेव्हा व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावला होता. शुभ बोल नाऱ्या, तर ही मुलगी पाळण्याआधी अपंगत्वाचं बोलते.

बाळंतपणात चैत्रालीच्या कमरेखालचा सांधा उकलला. वॉकरशिवाय पाऊल उचलेना. व्यायाम आणि विश्रांती मिळाली तर काही महिन्यांत नीट चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑफिस बिनपगारी रजा द्यायला तयार होतं. विम्याचा दावा मंजूर झाला की तेवढे महिने निभावून ती नोकरीवर परत जाणार होती.

वल्लरीला हेच सोसवत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या, नीलच्या वेळी तिचंही असंच झालं होतं. बाळंतपण म्हणजे काय आजार आहे का, असं घरातले सगळे म्हणाले आणि त्यांच्याबरोबर तीही म्हणाली. भिंत धरून ती चालली, रजा संपल्यावर लंगडत ऑफिसला गेली, आणि झेपेना तेव्हा नोकरी सोडून बसली. घर चालवणारा पुरुष, म्हणून विमा तिच्या नवऱ्याचा, प्रबोधचा. तिचा कुणी काढला नाही आणि तिनेही मागितला नाही. चैत्रालीला वॉकरवर बघून तिला दया यायला हवी होती, पण यायचा तो हेवा. हिला आजारी म्हणवून घेता येतं. मला तेवढंही मिळालं नाही.

एका दुपारी विमा कंपनीची नर्स पाहणीला आली. चैत्राली औषधाने गाढ झोपली होती. तिला उठवू नका, असं सरोजिनीबाईंनीच सांगितलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, इंग्रजी फर्डं. बाळंतीण कशी आहे, असं नर्सने विचारलं, आणि जे उत्तर त्या पुण्याच्या नातेवाइकांना रोज देत होत्या तेच त्यांनी दिलं, की अगदी ठणठणीत आहे. बाळंतिणीचं दुखणं परक्यापाशी बोलू नये, बोललेलं खरं होतं, अशी त्यांची श्रद्धा होती. वर त्यांनी बारशाचा फोटो दाखवला. त्यात चैत्राली शालू नेसून पाळण्याशी हसत उभी होती.

नर्सने वल्लरीकडे पाहिलं. ही उभी राहू शकते का, असं तिने विचारलं.

वल्लरीला ठाऊक होतं. फोटोच्या वेळी वॉकर बाजूला सारून, पाळण्याआड बसून, चैत्रालीला कमरेशी धरून ठेवणारी तीच होती.

"त्या दिवशी उभी राहिली होती," ती म्हणाली.

यात एक शब्दही खोटा नव्हता. नर्स निघून गेली आणि वल्लरीने उरलेले लाडू वळले.

पुढच्या आठवड्यात कंपनीने कळवलं, की डॉक्टरांचा अहवाल आणि घरच्यांचं म्हणणं जुळत नाही, म्हणून दावा थांबवला आहे. त्या संध्याकाळी सगळे बसले होते. चैत्रालीने बराच वेळ बाळाच्या अंगावरची दुपटी सारखी केली आणि मग नोकरी सोडते म्हणाली. वल्लरीचं काळीज थंड झालं. झाली बरोबरी, असं तिच्या मनात आलंसुद्धा.

"सोड," चैत्रालीचा नवरा कुशल तिला समजावत म्हणाला. "वहिनींनी नाही का सोडली? त्यांचं काय बिघडलं?"

सहा वर्षांत वल्लरीला एवढं कशानेच लागलं नव्हतं. तिने दिराकडे पाहिलं, मग जावेकडे. ही आणखी सहा वर्षांनी कुणावर तरी अशीच जळत बसेल, हे तिला लख्ख दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. तिने तिथेच कंपनीला फोन लावला. फोटोत चैत्राली आपल्या बळावर उभी नव्हती, मी तिला धरलं होतं, तुमच्याशी मी अर्धंच बोलले, असं सांगून टाकलं. तिला स्वतःला भेटा, आणि ती जागी असताना या.

सरोजिनीबाई संतापल्या. "घरातलं दुखणं चव्हाट्यावर? तुझ्या वेळी केलं होतं का कुणी असं?"

"नाही केलं, आई. मला उठता येत नव्हतं आणि तुम्ही फोनवर मी ठणठणीत आहे म्हणून सांगत होतात. मी ऐकत पडले होते."

चैत्रालीने विचारलं.

"वहिनी, त्या दिवशी का नाही बोललात?"

"जळत होते तुझ्यावर," वल्लरी म्हणाली. "तुला मिळतंय ते मला मिळालं नाही म्हणून."

कंपनी पुन्हा पाहणी करणार आहे. पैसे मिळतील की नाही, ते आज सांगता येत नाही. पण वाचकहो, तुमच्या घरात आज बाळंतीण असेल आणि कुणी तिची चौकशी केली, तर उत्तर कोण देतं? एकदा तिच्या खोलीचं दार उघडा आणि तिला बोलू द्या.