मावशी कोण टाइप करतं?

"मावशी कोण टाइप करतं, आई?" दिशानं लॅपटॉप आईकडं वळवला. "लोक गूगलवर नर्स टाइप करतात. बोईसर नर्स. मग आपला पत्ता पण तोच घ्यायचा, बोईसरनर्स डॉट इन. माणूस जे शोधतोय तेच नाव समोर दिसलं की बोट आपोआप तिथंच जातं."

सुगंधा गवार मोडत बसली होती. पडद्याकडं तिनं नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

"पन मी नर्स नाय ना."

"आख्खी चाळ तुला सिस्टर म्हणते."

"चाळ म्हनते. मी कदी म्हनले?"

हे खरं होतं, पण अर्धंच खरं होतं. बोईसरच्या एका लहानशा हॉस्पिटलात सुगंधानं एकवीस वर्षं आयाचं काम केलं. तिथली रीत सगळ्यांना ठाऊक असते. नर्स ती सिस्टर आणि आया ती मावशी. सलाईन सिस्टर लावते, लघवीचं भांडं मावशी देते. पण चाळीत कुणाच्या पोराला ताप भरला की हाक यायची, "सिस्टर, जरा बघता का?" आणि सुगंधा जाऊन बघायची. पहिल्या हाकेलाच सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि पुढं एवढी वर्षं गेली की आता ओ न देणं हाच उद्धटपणा झाला असता. दिशा पाचवीत असताना शाळेचा फॉर्म भरायचा होता. 'आईचा व्यवसाय' याच्यापुढं तिनं वळणदार अक्षरात 'नर्स' लिहून आणलं. सुगंधानं ते वाचलं आणि खाली सही केली.

हॉस्पिटल सुटल्यावर ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळू लागली. तारापूरच्या एका आजींकडं तीन वर्षं होती. आजी दिवाळीत गेल्या, त्यालाही आता चार महिने होत आले. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. नवऱ्याची चादरसुद्धा ती कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचायची, आणि शिफ्टवरून आलेला तो बिचारा आत पाय कुठून घालायचे या विवंचनेतच झोपून जायचा.

दिशा स्टेशनजवळच्या जाहिरातींच्या ऑफिसात कामाला होती. गूगलवर जाहिरात लावायची, आणि कुणी तिच्यावर बोट ठेवलं की तेवढ्या बोटाचे पैसे कापले जायचे, असा तो धंदा. आईसाठी तिनं आठवडाभर 'सुगंधाताई' या पत्त्यानं जाहिरात चालवली होती. आता पुढचा आठवडा 'बोईसरनर्स'नं चालवली. मजकूर तोच, फोन नंबर तोच, फक्त पत्ता वेगळा.

पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी बोट ठेवलं होतं. दुसऱ्यात त्रेचाळीस जणांनी ठेवलं.

"बघ," दिशा म्हणाली.

"बगते. त्या तेचाळीसातल्या सतरा जनांचे फोन मीच घेतले. कोन सलाईन इचारतो, कोन डिग्री. मी आया हाय म्हनले की म्हनतात, बरं. आन मंग फोन बंद."

"आणि त्या अकरातले?"

"तिगांचे आले. एक बाई पाऊन तास सासूचं सांगत होती. मंग म्हनली, बगू पुडच्या महिन्यात. सासू तवर थांबली म्हंजे झालं."

दिशाला हसू आलं नाही. "नाव जुळलं म्हणून गूगल आपल्याला एकेक बोट काही स्वस्तात देत नाय. लोक जास्त येतात, एवढंच. पण आलेल्या माणसाला तू दारातूनच परत पाठवतेस."

"हाय ते सांगते."

"विचारल्याशिवाय कशाला सांगतेस? आम्हाला कुठं सांगितलंस कधी?"

सुगंधाच्या हातातली शेंग अर्धी मोडून तशीच राहिली. दिशा पडद्याकडंच बघत बोलत होती. "सातवीत असताना तुझा डबा घेऊन हॉस्पिटलात आले होते. आतून डॉक्टर ओरडले, मावशी, तीन नंबरची चादर बदला. आणि तू पळालीस. मी डबा वॉचमनकडं दिला न् घरी आले."

"मंग तू बोलली नाय कदी?"

"तू बोललीस?"

तेवढ्यात फोन वाजला. पालघरहून कुणी विपुल म्हणून बोलत होता. वडिलांना लकवा मारला होता, पंधरा दिवस झाले होते. घरी आई एकटी, आणि याची कारखान्यात ड्यूटी. बारा तासांचं काम, कायमचं. "सिस्टर, उद्या सकाळी याल का?"

समोर दिशा बसली होती. नखं कुरतडता कुरतडता ती थांबली होती.

"हां, येते," सुगंधा म्हणाली. तेवढंच म्हणाली.

सकाळच्या एसटीनं ती पालघरला पोचली. घर स्वच्छ होतं. विपुलचे वडील बळवंतराव खिडकीशी पडून होते. उजवी बाजू गेलेली, तोंड जरा वाकडं. डोळे मात्र चांगले जागे होते आणि आलेल्या माणसाचा अंदाज घेत होते. त्यांची बायको रत्नाबाई पायथ्याशी उभी होती. पंधरा दिवस न झोपलेली बाई सुगंधाला लांबूनही ओळखू येते.

सुगंधानं आधी म्हाताऱ्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता.

"हे कदीपासून हाय?"

"कुठं?" रत्नाबाई पुढं आल्या. "अगं बाई. आम्ही वळवतच नाही हो, दुखेल म्हणून."

"दुखू दे जरा. दोन-दोन तासांनी वळवायचं. मागं उशी अशी लावायची. बगा, अशी."

विपुल आतून औषधाचा डबा घेऊन आला, वर डॉक्टरांची चिठ्ठी. "हे इंजेक्शन दिवसातून दोनदा, शिरेतून. सुई डॉक्टरांनी लावून ठेवलीय. मला नऊची गाडी आहे, सिस्टर, माझ्यासमोर एकदा देता का? म्हणजे मी निर्धास्त जाईन."

म्हाताऱ्यांच्या डाव्या मनगटाशी ती सुई पट्टीनं चिकटवलेली होती. सुगंधानं बाटली उचलून तारीख वाचली. सिस्टरच्या शेजारी उभं राहून तिनं हे हजारदा बघितलं होतं. झाकण काढायचं, औषध सावकाश सोडायचं. तिला जमलं असतं. जमलं असतं, याचीच तिला भीती वाटली.

तिनं बाटली परत डब्यात ठेवली.

"हे मी नाय देनार. मी नर्स नाय. हॉस्पिटलात मावशी होते."

विपुलनं फोन काढून जाहिरात पुन्हा उघडली. "पण नाव तर बोईसरनर्स. मी गूगलवर नर्स टाकलं म्हणूनच तुमचं नाव वर आलं ना?"

"हां."

"मग हे बरोबर नाही."

"नाय बरोबर. पोरीनं टाकलंय, पन चूक तिची नाय. तिला मीच तसं वाढवलं."

विपुल वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती. तो फोन घेऊन दारात गेला आणि अंगठा वर सरकवत पुन्हा शोधू लागला. दुसरा नंबर लागला. त्यानं आधी डिग्री विचारली, मग पत्ता सांगितला.

"नर्स दुपारी चारला येतेय," तो आईला म्हणाला. "सकाळचं इंजेक्शन डॉक्टरांचा कंपाउंडर देऊन जाईल." मग सुगंधाकडं वळला. आता हिला काय म्हणून हाक मारावी ते त्याला सुचेना. "तुम्ही निघालात तरी चालेल," एवढंच म्हणाला आणि चपला घालून गेला.

"ती नर्स हे वळवणं-बिळवणं करेल का हो?" रत्नाबाईंनी हळूच विचारलं.

"सांगून बगा. नाय केलं तर तुमी करा. आता आलंय तुमाला."

पर्समध्ये फोन थरथरत होता. दिशाच असणार. सुगंधानं निघण्याआधी म्हाताऱ्यांना पुसायला घेतलं होतं, हात ओले होते. म्हाताऱ्यांची उजवी मूठ वळून घट्ट झाली होती, आणि आत घाम साचून वास येत होता. तिनं कोमट पाण्याचा बोळा घेतला, अंगठ्यापासून एकेक बोट सोडवलं आणि तळवा पुसला. नखं रुतून चार चंद्रकोरी उमटल्या होत्या. पुसून झालं तशी मूठ पुन्हा मिटली, आणि सुगंधाचं बोट आत अडकलं. ओढून काढलं असतं तर निघालं असतं.

"एक नॅपकिन द्या," ती रत्नाबाईंना म्हणाली. "जुना चालंल."

रत्नाबाईंनी दिला. एका हातानं आणि मांडीवर दाबून तिनं त्याची घट्ट सुरळी केली, मुठीत हळूहळू सरकवली आणि तेवढ्याच हळू आपलं बोट काढून घेतलं. म्हाताऱ्यांची बोटं सुरळीवर मिटली. बोट गेलं ते त्यांना कळलं नाही.