ओल्या रंगाला नाव ठेवू नये

एका पायात काळा मोजा, दुसऱ्या पायात गडद निळा. बायको म्हणाली, "काय हो, दोन्ही पायांचं भांडण झालंय का?"

*

पंधरा बटणं. डॉक्टरांनी ती टेबलावर ओतली आणि म्हणाले, "रंगाच्या क्रमाने लावा. घाई नाही."

*

मीठ, खडू, साय, अंडं, दात. शिवणयंत्राच्या खणात पांढऱ्या दोऱ्याची पाच रिळं, आणि पाचांना पाच नावं.

*

एक झाकणी. पेट्रोलच्या तोंडावरची, तळहाताएवढी, दोन स्क्रूंवर बसणारी.

*

"ओल्या रंगाला नाव ठेवू नये." हे वाक्य या घरात एकदाच बोललं गेलं, चारचौघांसमोर, एकतीस वर्षांपूर्वी.

*

आणि एक दार.

दार मागचं, डाव्या बाजूचं. गाडी पांढरी, चार वर्षं उन्हात उभी राहिलेली, मालकाच्या बहिणीची. फाटकाच्या खांबाला घासून दार पार पोटात गेलं होतं. मालक म्हणजे ज्याच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीने गाड्या रंगवण्यात जन्म घालवला, तो. सहा महिन्यांपूर्वी लागोपाठ दोन गाड्यांचे रंग चुकले. आधी एक निळा मडगार्ड, मग एक पांढरा बंपर. तेव्हा मालक नुसतं एवढंच म्हणाला होता, "मिस्त्री, जरा विश्रांती घ्या." ओरडला असता तर बरं झालं असतं. ज्याच्यावर ओरडायचं त्याला उद्या परत बोलवायचं असतं.

आता सहा महिन्यांनी त्याने हे दार धाडलं होतं. फोनवर म्हणाला, "घरीच करा, तुमच्या वेळेने करा. शनिवारी सकाळी येतो. कुठलं दार केलंय ते मला ओळखता आलं नाही, तर सोमवारी कामावर या."

गाडी घेऊन आला ठोक्या. वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकतो, म्हणून ठोक्या. किल्ली देताना त्याने पडवीभर नजर फिरवली. कॉम्प्रेसर, रंगाचे डबे, दोरीवर वाळत घातलेली फडकी.

"काय मिस्त्री, स्वतःच्याच घरी घरजावई झालात म्हणे!"

"जावयाला गरम जेवण मिळतं. मला कालचं मिळतं."

खिडकीमागून बायकोचं शिवणयंत्र थांबलं. "भावोजी, विचारा त्यांना, गरम असताना पानावर येतात का कधी! पत्र्यालाच घास भरवत बसतात."

ठोक्या हसला. मग दारापाशी वाकून हळूच म्हणाला, "पत्रा मी काढून देऊ का सरळ? मालकाला नाही सांगणार."

"नको रे बाबा. खांबाने केलेलं परवडलं. तू ठोकलंस की मला दोघांचं निस्तरावं लागेल."

"जीभ अजून वर्कशॉपातच आहे तुमची," ठोक्या म्हणाला. "बाकीचेही या लवकर."

*

पत्र्याचं काम डोळ्यांचं नसतंच. मिस्त्रीने दाराचं आतलं अस्तर उतरवलं, लोखंडी ठोकळा आतून धरला आणि बाहेरून हातोडी चालवली. मारायची नाही, नुसती पडू द्यायची. पत्रा ताणला की रुसतो, त्याला चुचकारत घरी आणावा लागतो. दर पाच-सात ठोक्यांनंतर तो डोळे मिटून दारावरून तळहात फिरवायचा. डोळ्यांना सपाट दिसतं तिथे हाताला खड्डा लागतो. डोळा सोयरा आहे, गोड बोलतो. हात सख्खा भाऊ, तोंडावर सांगतो.

पुट्टी भरली. वाळली. पाणी मारत मारत पॉलिशपेपरने घासली. वरून काळ्या पावडरीचा हलका फवारा दिला आणि पुन्हा घासलं. उंचावरचा काळा निघून जातो, खोलात उरतो. उरला तिथे पुन्हा पुट्टी. बुधवार गेला, गुरुवारची सकाळ गेली. दुपारी काळ्याचा एक ठिपकाही उरला नाही. प्रायमर बसला. बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिचा हात धरून दारावर ठेवला.

"सांग, कुठे होतं?"

तिने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. शिवणकाम करणारी बोटं, सुताची गाठही हेरणारी. "नाही हो लागत."

तो लहान पोरासारखा हसला. तिथवर सगळं ठीक होतं.

*

डॉक्टर म्हणाले होते, "हे बटण तुम्ही इथे ठेवलंत. आणि हे इथे."

"बरोबर आहे ना?"

"काम काय करता?"

"गाड्या रंगवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"एकतीस. त्याआधी शिकत होतो, ती चार वेगळी."

"तोंडाला मास्क?"

"रुमाल."

थिनरच्या वाफा नाकातून नुसत्या छातीत जात नाहीत, डॉक्टर समजावून सांगत होते. डोळ्यामागच्या नसांपर्यंत पोचतात. निळं-पिवळं आधी जातं. दिसायला सगळं दिसतं, फरक तेवढा दिसत नाही. मोतीबिंदू असता तर काढला असता. हे काढता येत नाही.

"फरक दिसत नाही म्हणजे किती?"

"तुम्हाला ही पंधरा लावता आली नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एवढं."

घरी त्याने सांगितलं, नंबर बदललाय. खोटं उघडं पडू नये म्हणून नवी फ्रेम करून घेतली, काचा जुन्याच नंबरच्या. बायको म्हणाली, "शोभते हो. हेडमास्तर दिसता." तो आठवडाभर हेडमास्तर होऊन वावरला.

*

नवा पांढरा डब्यात मिळतो. चार वर्षं उन्हात राहिलेला पांढरा डब्यात मिळत नाही. त्यात पिवळ्याचे थेंब पाडावे लागतात, आणि किती पाडायचे ते डोळा सांगतो. मिस्त्रीने थेंब कधी मोजलेच नव्हते. थेंब मोजणाऱ्या रंगाऱ्यांना तो कंपाउंडर म्हणायचा.

या वेळी मोजले.

डब्यांच्या झाकणांचे सात तुकडे कापले. पहिल्यात दोन थेंबांचा रंग, मग तीन, चार, पाच, सात, नऊ, अकरा. प्रत्येकाच्या पाठीवर खिळ्याने आकडा कोरला. गाडीच्या उजव्या अंगाची पेट्रोलची झाकणी दोन स्क्रू काढून हातात घेतली. रंग जुळवायला सगळेच रंगारी तीच घेतात, अख्खी गाडी काही उचलून उजेडात नेता येत नाही. तुकडे वाळल्यावर एकेक झाकणीला चिकटवून उन्हात धरला.

सगळे सारखे.

सावलीत धरले. चष्मा काढून धरले. पडवीच्या पायरीवर ओळीने मांडून चार पावलं मागे गेला, उकिडवा बसला, मान वाकडी करून बघितलं. सात बहिणी आणि सातजणींचा तोंडवळा एक. पाठीवरचे आकडे नसते तर त्याने त्या एकाच आईच्या एकाच दिवशीच्या म्हणून सांगितल्या असत्या.

शुक्रवारी दुपारपर्यंत तो त्या सात तुकड्यांपाशी होता. खिडकीत, दहा पावलांवर, बायको कुणाच्या तरी सदऱ्याला दोरा जुळवत होती. दोऱ्याचं टोक कापडावर ठेवायचं, डोळे बारीक करायचे, रीळ परत खणात. दुसरं. "हं, खडू." संपलं. त्याला विचारायचं असतं तर एवढंच म्हणायचं होतं: अगं, जरा इकडे ये. हे सात बघ.

तेवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. एकतीस वर्षं ज्या घरात रंगातलं आपल्यालाच कळतं असं म्हणत आलो, तिथे "मला दिसत नाही" म्हणायचं म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून पायरीवर बसायचं.

अकराव्या थेंबाला रंगाने ओ दिली असं त्याला वाटलं. काहीतरी हललं, पांढऱ्याच्या आत, अगदी खोल. वाटलं, हाच तो.

पडवीत पाणी मारून धूळ बसवली. खिडक्या, चाकं, शेजारचं दार वर्तमानपत्रांनी आणि चिकटपट्टीने झाकलं. फवाऱ्याची गन हातात आल्यावर हात आपोआप चालला. रंगाचा एक हात, मग दुसरा, कडेपासून कडेपर्यंत, मनगट न वळवता. रंग काचेसारखा बसला. वर्तमानपत्रं सोडवली. आणि मग, गन हातातच असताना, पाठमोराच राहून त्याने विचारलं:

"जुळलाय ना गं?"

शिवणयंत्र थांबलं. ती खिडकीत उभी राहिली. दाराकडे बघितलं, पुढच्या दाराकडे बघितलं, मग त्याच्या पाठीकडे.

"छान आहे."

"नुसतं छान?"

"अगदी छान."

त्याचे खांदे खाली आले. त्या दिवशी तो गरम असतानाच जेवायला बसला. सोमवारचा डबा कुठला न्यायचा, मोठा की लहान, यावर बोलला.

*

शनिवारी सकाळी नऊला मालक आला, मागून ठोक्या. मालक डाव्या बाजूने आला. फाटकातून तीन पावलं आत येऊन थांबला. गाडीची दुसरी बाजू त्याने बघितलीच नाही. बघायची गरज पडली नाही.

ठोक्याने आधी गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. हा माणूस चपलांवर सुद्धा विनोद करायचा.

"कधी मारलात?" मालकाने विचारलं.

"काल दुपारी. वाळतोय अजून."

"हो," मालक म्हणाला. "वाळतोय."

तो जवळ गेला, दारावर हात ठेवला, डोळे मिटून फिरवला. "पत्रा काय आणलाय मिस्त्री. लागत नाही कुठे काय झालं होतं ते."

"सोमवारी—"

"सोमवारची घाई नको." मालकाने हात खिशात घातला. "पत्र्याला माणूस आहे माझ्याकडे." मग जरा थांबून, "तब्येतीला जपा." आणि खिडकीकडे बघून मिस्त्रीच्या बायकोला, "येतो वहिनी."

मालकासाठी केलेला बिनसाखरेचा चहा तसाच ओट्यावर निवला. गाडी फाटकातून बाहेर पडली. पुढचं दार, मागचं दार. मिस्त्री बघत राहिला. त्याला ती अखंड पांढरी दिसत होती, एका अंगाची, सुंदर. असं काम त्याने दहा वर्षांत केलं नव्हतं.

*

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"कधी?"

"कालच. तुम्ही विचारलंत तेव्हा."

"किती?"

तिने पदराने हात पुसले. "गाडी खडू आहे. दार साय. सायीच्याही पुढे, दाताकडे गेलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ओला होता."

त्याला कळलं नाही.

"तुम्हीच म्हणाला होतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी, इथेच. राखाडी बॉनेट होतं. मी म्हटलं, हिरवट वाटतंय. तुमचे चार मित्र बसले होते. तुम्ही म्हणालात, ओल्या रंगाला नाव ठेवू नये, वाळला की बोलायचं. ते हसले. कुणीतरी म्हणालं, वहिनींना स्वयंपाकातलं विचारा." ती हे रागाने सांगत नव्हती, भाव सांगावा तशी सांगत होती. "तेव्हापासून ओल्या रंगावर मी कधी बोलले नाही. मला वाटलं, वाळल्यावर उतरेल. सकाळी बघितलं, उतरला नव्हता. तुम्ही शीळ घालत दाढी करत होतात. म्हटलं, यांना माहीत असेल. चोवीस तास कुठे झालेत."

मिस्त्री हे वाक्य विसरून गेला होता. ती त्याच्यावर एकतीस वर्षं चालली होती.

"मी खरंच विचारलं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही नेहमीच विचारता. मी नेहमीच छान म्हणते."

मग त्याने पंधरा बटणांचं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, जसं दुसऱ्याचं सांगावं. फ्रेमचंही सांगितलं. ती उठली. आत गेली, खणातून दोन रिळं आणली, त्याच्या हातावर ठेवली.

"यातली साय कुठली?"

तो बघत राहिला. एक उचललं.

तिने दोन्ही रिळं परत घेतली. बरोबर की चूक ते सांगितलं नाही, म्हणून त्याला कळलं.

पायरीवर सात तुकडे अजून तसेच मांडलेले होते. आणि त्यांच्या शेजारी झाकणी. ती गाडीला परत लावायची राहून गेली होती. बायको खाली बसली, झाकणी हातात घेतली. सातांवरून नजर एकदाच फिरली, भाजीच्या ढिगावरून फिरावी तशी. मधला एक उचलून तिने झाकणीला चिकटवला.

"हा."

दोन्हींच्या मधली रेघ मिस्त्रीला दिसत नव्हती. पण ती त्याला कुठल्याच तुकड्याशी दिसली नव्हती.

"नक्की?"

"इथून पुढे झाकणी कुठे संपते ते मलाही सांगता येत नाही."

त्याने तुकडा उलटा केला. पाठीवर चार होता. चार थेंब. कालची सबंध सकाळ हा तुकडा इथे पडून होता, खिडकीपासून दहा पावलांवर.

"मालकांना फोन करा," ती म्हणाली. "म्हणावं, पुन्हा मारून देतो. मी सांगेन, तुम्ही मारा."

"आणि पुढच्या गाडीला? तू येणार वर्कशॉपात, खांद्यावर टेप टाकून?" त्याला हसायचं होतं.

फाटकाची कडी वाजली. ठोक्या परत आला होता. तो फाटकाच्या आत आलाच नाही, बाहेरूनच हात पुढे केला.

"मिस्त्री, ती झाकणी राहिली."

बायकोने ती दोन स्क्रूंसकट कागदात गुंडाळून दिली. चारचा आकडा कोरलेला तुकडा मिस्त्रीच्या हातात होता. तो त्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवत होता. गुळगुळीत होता. दुसरं काही लागत नव्हतं.

*

ते राखाडी बॉनेट वाळल्यावरही हिरवटच होतं. ती दुसऱ्या दिवशी बाजारात गेली असताना मिस्त्रीने ते घासून पुन्हा मारलं होतं.