टकळीची वाफ

घरात तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड कधी बंद म्हणून नसायचं. मामावर तिचा विशेष जीव. मामा प्रयोगशाळेत बेडकाच्या कातडीवर संशोधन करायचा, आणि तिच्या दृष्टीने जगात याहून भारी नोकरी नव्हती.

कातडीचा तुकडा तो दोन कप्प्यांच्या मधोमध ताणून बसवायचा, दोन्हीकडे मिठाचं पाणी. कातडी एका बाजूचं सोडियम दुसऱ्या बाजूला ओढून न्यायची आणि त्यातून उठणारा बारीकसा विद्युतप्रवाह यंत्राचा काटा दाखवायचा. शरीरातलं एक संप्रेरक पाण्यात घातलं की काटा हळूहळू चढायचा. एका औषधाचा थेंब टाकला की धपकन खाली.

टकळीचा आजार जन्मापासूनचा. तिच्या श्वासनळ्यांचं अस्तर नको तितकं सोडियम आत ओढायचं, त्याच्यामागे पाणी जायचं, आणि कफ डिंकासारखा चिकटून बसायचा. तेच औषध तिला वाफेतून दिलं तर? मामाच्या डोक्यातून हे जाईना. तिच्या डॉक्टरीणबाईंकडे तशीच चाचणी सुरू होणार होती. टकळीला त्यात घालायचं का, असं त्याने ताईला, म्हणजे तिच्या आईला, विचारलं.

"तू म्हणतोस ना? मग झालं तर," ताई म्हणाली.

वाफ घेताना मास्कमुळे बोलता यायचं नाही, ही टकळीला खरी शिक्षा. पण सुरुवातीला कफ सुटू लागला, ती जिना न थांबता चढली, आणि ताई कितीतरी महिन्यांनी आरशासमोर रेंगाळली. मामा तर हवेतच होता.

थंडी पडली आणि सगळं मूळपदावर आलं. मामाने कातडी साध्या मिठाच्या पाण्याने धुऊन पाहिली. काटा पुन्हा वर. औषध धरून राहतच नव्हतं. टकळीच्या छातीतूनही ते अर्ध्या तासात वाहून जात असणार. चाचणीचे निकालही तेच सांगत होते: काही फरक नाही. डॉक्टरीणबाईंनी ती थांबवली. ताई मात्र उरलेलं औषध देतच राहिली, दिवसातून जास्त वेळा.

शेवटी मामा स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभा राहिला. "ताई, बंद करू या हे."

"तूच आणलंस ना? तुझ्या बेडकाला लागू पडतं, माझ्या लेकीला नाही?"

"तिथेही टिकत नाही गं. धुतलं की गेलं."

"मग काय करू मी? हातावर हात धरून बसू?"

आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, "आई, मास्क नाही तर मी बोलू?"

ताईने ओट्याला धरून तोंड फिरवलं. मग नाक पुसून आत गेली आणि लेकीच्या पायथ्याशी बसली. "बोल."

त्यानंतर टकळी बोलली. एका श्वासात तीन-चार शब्द, मग थांबणं, मग पुन्हा. वर्गातली भांडणं, कुणी कुणाची पेन्सिल ढापली, बाईंची नक्कल. ताई कामं तशीच टाकून ऐकायची. एका दुपारी मध्येच दमून ती "उरलेलं उद्या" म्हणाली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी तिच्याने डोळेही उघडवले नाहीत. संध्याकाळी ती गेली.

ताई भावाशी बरेच दिवस बोलली नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मग एकदा ती न सांगता प्रयोगशाळेतच आली. "दाखव मला," म्हणाली.

त्याने कातडी बसवली, संप्रेरक घातलं. बऱ्याच वेळाने काटा सरकू लागला.

"जास्त टिकणारं औषध शोधतोयस?"

"हो."

"सापडेल?"

"माहीत नाही, ताई."

तिने मान हलवली. त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर नीट केली. "सकाळपासून पोटात काही नाही माझ्या," ती म्हणाली. "चल, आधी काहीतरी खाऊ या."