खुर्चीमागची सावली

खोडरबर झिजून बोराएवढा उरला होता, आणि तो आपल्याच बोटांत आहे हे चित्रकलेच्या मास्तरांना मुलीचा आवाज आला तेव्हा कळलं.

"सर, सावली का पुसलीत? तुम्हीच काढायला सांगितली होती ना!"

खरंच की. टेबलावर सुरई, फळ्यावर त्यांच्याच अक्षरात 'छाया-प्रकाश', आणि पोरीनं काढलेली सावली—चांगली जमलेली, कडेला विरत गेलेली—त्यांनी साफ नाहीशी केली होती. "चुकलं माझं. पुन्हा काढ." वर्ग खुदखुदला. दर वर्षी कुणा ना कुणाच्या चित्रावर ही पाळी येतेच.

हात ऐकत नाही, दुसरं काय! तीन वर्षं लढाईत त्यांनी बंदूक कमी आणि कुंचलाच जास्त चालवला होता, झाडूएवढा. पूल, कोठारं, तंबू असे रंगवायचे की विमानातून नुसती जमीन वाटावी. हवालदार ओरडायचा, "रंग कसाही फास रे, सावली मार आधी!" आणि त्या दुपारी... जेवणाच्या तंबूवरची जाळी मी बांधली होती, रंग माझा, मापं माझी—फक्त ऊन कलल्यावर सावली जाळीबाहेर कुठवर जाईल, तेवढं बघायचं राहून गेलं. वरच्या विमानाला तेवढी सावली पुरली. आत अकरा जण जेवत होते. मी हात धुवायला लांब गेलो होतो. मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

घरी बायको खिडकीशी खुर्चीत तयारच बसली होती. लेक रविवारी येणार, परदेशी जाताना आईचं चित्र नेणार. फोटो नको, बाबांच्या हातचंच हवं म्हणे. हे चौथं. आधीच्या तिन्हींत तिचे केस, खांदे, सगळं भिंतीत मिसळून गेलेलं. काल ती म्हणाली होती, "अहो, भिंत झकास आलीये. पण मी कुठेय? लेकीला काय सांगू, शोध म्हणून?" आणि हसली. मग चहाचं आधण ठेवताना, पाठ करूनच, "चाळीस वर्षं समोर आहे हो मी तुमच्या." ते त्यांना फार लागलं होतं.

चेहरा झाला, हात झाले. आता खुर्चीमागची भिंत. ऊन कलत होतं, आणि तिची सावली तिथे होती... होतीच, नाही कशी?

"ऊन लागत असेल तर आत सरक," ते म्हणाले.

"नाही लागत. काढा तुम्ही."

त्यांनी कुंचला गडद रंगात बुडवला आणि ओढला. एकदा, मग पुन्हा, ओला असतानाच. आणि ती भिंतीपासून सुटी झाली—तो हट्टी हनुवटीचा कोन, कानामागची बट, कंटाळा आला तरी न हलणारे खांदे. किती दिवसांनी पाहतोय मी हिला! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं का हो? उठू?"

"थांब. हलू नकोस."

डाव्या हातात चिंधी कधी आली होती कोण जाणे. रंग अजून ओला होता, एका फटक्यात पुसला गेला असता. आता ती लेकीला दिसणार होती, खोलीच्या दारातूनही दिसत होती, कुणालाही, कुठूनही. वरूनही. त्यांना भीती वाटत होती, सरळसरळ भीती, आणि चिंधी मुठीत आवळून ते आभाळाकडे कान लावून उभे होते.